कोहाचं मराठी रूप कुलूप लावून विकतायत : जीपीएलमधलं देणं नेमकं कुणाचं आणि कुणाला?

ग्रंथमित्र_वडगाव :

नमस्कार मंडळी. विषय आपल्या सीमाभागातल्या वाचनालयांचा आहे, जरा लांबण लागेल पण शेवटपर्यंत वाचा आणि ज्याला जे ठाऊक आहे ते सांगा.

आमच्या वाचनालयात कोहा बसवलंय. ज्यांनी नाव ऐकलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, हे वाचनालयाचं सॉफ्टवेअर आहे, न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ नावाच्या लहानशा भागातल्या वाचनालयानं ते बनवून घेतलं, जानेवारी २००० मध्ये तिथं चालू झालं आणि जीपीएल लायसन्सखाली (म्हणजे पुढं देताना घेणाऱ्यालाही तेच हक्क द्यायचे या अटीवर) जगासाठी मोकळं केलं. पुस्तकांची यादी, सभासद, देवघेव, वर्गणी, दंड सगळं त्यात येतं. आपल्याकडं कॉलेजांच्या लायब्ऱ्यांत बऱ्याच ठिकाणी तेच चालतंय.

मी त्याच्यावर मराठीसाठी बरंच काम केलं. लेबलं, वर्गणीच्या पावत्या, थकबाकीची चिठ्ठी, आणि सगळ्यात डोकं खाणारी गोष्ट म्हणजे शोध. आपण "दुसऱ्या", "वऱ्हाड" असं टाइप करतो ना, त्यातला तो ऱ्या दोन तऱ्हेनं साठवला जातो. एका कीबोर्डवरनं नुक्त्याच्या ऱ ला हलंत लागतो, दुसऱ्यावरनं साध्या र ला हलंत आणि पुढं एक न दिसणारं जोडचिन्ह. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात आणि शोधलं की पुस्तक सापडत नाही, कपाटात समोर उभं असलं तरी कॉम्प्युटर म्हणतो नाही. ते मी बसून सोडवलं आणि ज्या वाचनालयानं मागितलं त्याला सोर्ससकट (म्हणजे वाचून बदलता येतो तो मूळ कोड) दिलं, प्रत्येक फाइलच्या डोक्यावर जीपीएल ३ ची सूचना ठेवून.

आता एक जण (नाव लिहिणार नाही, कुणी विचारू पण नका) हेच दुसऱ्या नावानं गावोगावच्या वाचनालयांना विकायलाय. खानापूर तालुक्यातल्या एका ग्रंथपाल मॅडमनी मला त्यांचं करारपत्र दाखवलं. त्यात लिहिलंय की सॉफ्टवेअर एकाच संगणकावर वापरायचं, प्रत काढली तर कायदेशीर कारवाई, आणि दर संगणकामागं दरवर्षी लायसन्स फी. अ‍ॅडमिन पासवर्ड दिलेला नाही. कोहाचं "अबाउट" पान, ज्यात लायसन्स असतं आणि काम केलेल्यांची नावं असतात, ते उडवलंय. पण पुस्तक बाहेर गेलेलं असलं की मी "घरी नेलंय" असं लेबल ठेवलं होतं, ते तसंच आहे.

त्यानं पैसे घेतले म्हणून माझी तक्रार नाही. मला एक पैसा नको. पण जे त्याला मोकळ्या हातानं मिळालं ते पुढच्या माणसाला देताना मूठ मिटून दिलं हे मला सहन होत नाही. त्या मॅडमचा जो हक्क आहे तो त्यांना माहीतच होऊ दिला नाही. यावर काय करता येतं आणि काय करायला हवं?

उद्यमबाग_सीएनसी :

दादा तुमचं काम मोठं हाय त्यात वाद नाही. पण दुसरी बाजू पण बघा की. तो माणूस एसटीनं गावात जातो, मशीन बसवतो, ग्रंथपालांना शिकवतो, पावसात लाइट गेली की फोन उचलतो. फुकटचं हाय म्हणून सगळ्यांनी फुकटच राबायचं काय? आमच्या उद्यमबागेत पण पोरं असलीच कामं करून पोट भरत्यात.

पर्लवाला :

काका, पैसे घ्यायला जीपीएलची कधीच ना नव्हती. तिसऱ्या आवृत्तीच्या चौथ्या कलमात स्पष्ट लिहिलंय, प्रत द्यायला कितीही किंमत लावा, सपोर्ट आणि वॉरंटी पैसे घेऊन द्या. तो बसवायचे दहा हजार घेऊ दे नाहीतर वीस घेऊ दे. नाही म्हटलंय ते दहाव्या कलमात : लायसन्सनं जे हक्क पुढच्या माणसाला मिळालेत ते वापरण्याबद्दल फी किंवा रॉयल्टी घ्यायची नाही, आणि वरनं नवी बंधनं घालायची नाहीत. "एकाच संगणकावर वापरा" आणि "प्रत काढू नका" ही नवी बंधनंच झाली.

लिनक्सची गोष्ट याच्याशी जोडलेली आहे. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्सनं लिनक्सचा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, सोडला तेव्हा त्याचं पहिलं लायसन्स उलटं होतं, पैसे घेऊन वाटायचं नाही. मग फ्लॉपीवर कॉपी करून देणाऱ्यांना खर्च काढणंही अवघड व्हायला लागलं आणि १९९२ मध्ये त्यानं जीपीएल घेतलं. म्हणजे "फुकट वाटा" ही अट सोडली आणि "सोर्स द्या" ही अट धरली. आज कर्नलवर एवढ्या कंपन्या काम करतात आणि भरपूर कमावतात, ते त्याच अटीखाली.

हिंदवाडीकर :

विषय चांगला आहे, पण मला मूळ प्रश्न विचारायचाय. स्वातंत्र्य स्वातंत्र्य म्हणायचं आणि वर अटी घालायच्या हे कसं? मी माझा कोड एमआयटी लायसन्सखाली टाकतो. नाव ठेवा, बाकी काय हवं ते करा, बंद करून विका. देणाऱ्यानं दिलं की विसरावं. तुमच्या जीपीएलमध्ये देणारा दिल्यावरपण मागं लागतो.

ग्रंथमित्र_वडगाव :

सर, एमआयटीबद्दल मला आदर आहे, आपल्या देवनागरीची जोडाक्षरं नीट जुळवून दाखवणारं हार्फबझ त्याच धर्तीच्या मोकळ्या लायसन्सवर आहे आणि ते नसतं तर आपण इथं लिहीत बसलो नसतो. पण तुम्ही स्वातंत्र्य मोजताना कुणाकडं बघता हा माझा प्रश्न आहे. एमआयटीत पहिला घेणारा पूर्ण मोकळा असतो, त्याच्या पुढच्याला काय मिळेल ते त्या पहिल्याच्या मर्जीवर. माझ्या डोळ्यांसमोर त्या खानापूरच्या मॅडम आहेत, साखळीत शेवटी उभ्या. त्यांच्या हातात पोचलं तरच ते स्वातंत्र्य.

आणि हे नुसतं माझं मत नाही, मुक्त सॉफ्टवेअरची ही चळवळच त्यातनं निघाली. ती सुरू करणारे रिचर्ड स्टॉलमन अमेरिकेतल्या एमआयटीच्या एआय लॅबमध्ये होते (हो, एमआयटी लायसन्सचं नाव पण त्याच संस्थेवरनं). त्यांच्याकडं आधीचा जो प्रिंटर होता त्याच्या प्रोग्रॅममध्ये त्यांनी सोय करून घेतली होती, कागद अडकला की ज्यांची कामं रांगेत आहेत त्यांना निरोप जायचा. मग झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला, तोही अडकायचा, पण सोर्स नव्हता. कार्नेगी मेलनमधल्या एकाकडं तो होता, स्टॉलमन त्याच्याकडं मागायला गेले, तो म्हणाला देणार नाही, मी न देण्याचा करार केलाय. त्या माणसानं एका सहीनं सगळ्यांनाच नाही म्हणून टाकलं होतं, ज्यांना तो कधी भेटणारही नव्हता त्यांनापण. २७ सप्टेंबर १९८३ ला स्टॉलमननी जीएनयू या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाची घोषणा केली त्यात त्यांनी हेच मांडलं की मला एखादा प्रोग्रॅम आवडला तर तो आवडणाऱ्या दुसऱ्याला मी दिला पाहिजे. १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन झालं, १९८९ मध्ये जीपीएलची पहिली आवृत्ती, १९९१ मध्ये दुसरी, २००७ मध्ये तिसरी.

चार स्वातंत्र्यं त्यातली, मोजणी शून्यापासून : कुठल्याही कामासाठी चालवा, आत काय आहे ते बघून बदला, शेजाऱ्याला प्रत द्या, आणि तुम्ही बदललेली प्रत पण द्या. यातलं शेजाऱ्याला द्यायचं आहे ना, ते वाचनालयवाल्याला वेगळं समजवायला लागत नाही. आमचा धंदाच तो.

खानापूरची_ग्रंथपाल :

ज्या मॅडमचा उल्लेख आला ती मीच. इथं लिहायला जरा संकोच वाटला पण लिहिते.

आम्हाला सॉफ्टवेअरमधलं काही कळत नाही, समितीतली मंडळी वयस्कर आहेत, करार इंग्रजीत होता, त्यांनी सही केली. काम चांगलं चालतं, त्या माणसाबद्दल वाईट बोलावं असं काही नाही, बोलावलं की येतो. अडचण कुठं झाली तर आमच्याकडं मराठीबरोबर कानडी पुस्तकंही आहेत, शाळेतली मुलं दोन्ही नेतात. कानडी पुस्तकांची नावं यादीत नीट लागावीत म्हणून विचारलं तर म्हणाला ते वेगळं मॉड्युल, त्याचे वेगळे पैसे. आणि शेजारच्या गावातल्या वाचनालयानं मागितलं, त्यांच्याकडं वर्गणीच जेमतेम, तर म्हणाला तुम्ही दिलं तर करार मोडला. शेजारच्या गावाला नाही म्हणताना फार वाईट वाटलं मला. आम्ही कुणाचं चोरून देत होतो असं वाटायला लागलं. आमच्या हातात नेमकं काय आहे ते कुणीतरी सरळ सांगा.

कोर्टकचेरी_बेळगाव :

मॅडम, मी वकिली करतो, सरळ सांगायचा प्रयत्न करतो. कागद न बघता दिलेलं मत हे मत असतं, सल्ला नव्हे, तेवढं धरून चाला.

आधी एक ठरवा. सॉफ्टवेअर तुमच्या मशीनवर आहे का तुम्ही ब्राउझरमधनं त्याच्या सर्व्हरवर जाता? सगळा फरक तिथं पडतो. जीपीएल ३ मध्ये लिहिलंय की प्रत हातात न देता नुसतं नेटवरनं वापरायला दिलं तर ते "देणं" होत नाही. मग सोर्स द्यायचं बंधन पण लागत नाही. ही फट बुजवायला २००७ मध्येच एजीपीएल नावाचं वेगळं लायसन्स काढलं, त्यात नेटवरनं वापरणाऱ्यालाही सोर्स मागता येतो. पण कोहा साध्या जीपीएलवर आहे.

खानापूरची_ग्रंथपाल :

मशीन आमच्याच खोलीत आहे. पावसाळ्यात आमच्याकडं नेट कधी असतं कधी नसतं म्हणून मुद्दाम मशीनवरच घालून घेतलं.

कोर्टकचेरी_बेळगाव :

मग तुम्हाला प्रत दिली गेली. म्हणजे सोर्स मिळणं, लायसन्सची प्रत मिळणं, बदल केलेत तर केले म्हणून लिहिलेलं असणं, ही सगळी त्याच्याकडनं तुमची येणी झाली. अबाउट पान काढलं तेपण बसत नाही, जुन्या सूचना तशाच ठेवायला लागतात.

आता दाद कोण मागणार. कॉपीराइट ज्याचा, तो. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅम हा वाङ्मयीन कृतीत धरलाय. कोहाचे हक्क जगभरातल्या शेकडो लोकांकडं विखुरलेले आहेत, पण धागाकर्त्यांनी जे स्वतः लिहिलं त्याचा हक्क त्यांचा. "घरी नेलंय" या दोन शब्दांवर कुणाचा कॉपीराइट नसतो, ते ओळख पटवायला उपयोगी. शोधाचा कोड आणि अख्खी भाषांतराची फाइल यावर मात्र नक्की आहे. आणि कलम ६२ प्रमाणे फिर्यादी जिथं राहतो तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो, म्हणजे बेळगावातच.

हे लायसन्स कोर्टात टिकतं का असं विचारणारे भेटतात. जर्मनीत २००४ मध्ये म्युनिकच्या कोर्टानं जीपीएल मोडणाऱ्या कंपनीविरुद्ध मनाई दिली. अमेरिकेत २००८ मध्ये जेकबसन विरुद्ध कॅट्झर या खटल्यात खेळण्यातल्या रेल्वेचं सॉफ्टवेअर होतं, लायसन्स जीपीएल नव्हे दुसरं होतं, पण वरच्या कोर्टानं म्हटलं की फुकट दिलं म्हणून अटी पोकळ होत नाहीत, मोडल्या तर तो कॉपीराइटचा भंग. वापरणाऱ्यानं स्वतः मागायचं तर ती वाट वेगळी, २०२१ मध्ये सॉफ्टवेअर फ्रीडम कंझर्व्हन्सी या संस्थेनं व्हिझिओ या टीव्हीच्या कंपनीवर ग्राहक म्हणून तसा दावा केला, कराराच्या मुद्द्यावर.

उद्यमबाग_सीएनसी :

बरं मग तो जर सुधारणा करतोय तर त्या ग्रंथमित्रांना परत द्यायला नकोत काय? हिशोब तोच होतोय की. ह्यांचं घेतलं, ह्यांना द्या.

पर्लवाला :

नाही काका, हा फार पसरलेला समज आहे. जीपीएलमध्ये मूळ लेखकाला परत द्यायचं बंधन कुठंच नाही. ज्याला प्रत दिली त्याला द्यायचं. देणं मागं फिरत नाही, पुढं जातं. ग्रंथमित्रांकडं मॅडमनी सोर्स दिला तर येईल, नाही दिला तर नाही. आणि कुणी बदल करून नुसता आपल्याच घरात वापरला तर त्याला कुणीही काही विचारू शकत नाही. मला स्वतःला ही बाजू फार मोलाची वाटते, लिहिणारा मालक होऊन बसत नाही.

मशीनबद्दल एक सांगतो. कोहा पर्ल या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिलंय आणि पर्ल जसं लिहिलं तसंच मशीनवर पडलेलं असतं. म्हणजे मॅडम, बहुतेक सोर्स तुमच्या खोलीतच आहे, फक्त पासवर्ड तुमच्याकडं नाही.

हिंदवाडीकर :

मग पासवर्ड न देणं जीपीएलमध्ये बसतं का? सोर्स दिला आणि मशीन बंद ठेवलं तर?

कोर्टकचेरी_बेळगाव :

यावरनंच तिसरी आवृत्ती आली म्हणा. टीव्हो म्हणून कार्यक्रम रेकॉर्ड करायचं यंत्र होतं, आत लिनक्स, सोर्स रीतसर द्यायचे, पण तुम्ही बदलून घातला की यंत्र चालायलाच नकार द्यायचं. म्हणून तिसऱ्या आवृत्तीत घातलं की घरगुती वापराच्या जातीचं यंत्र विकत असाल तर बदललेलं सॉफ्टवेअर बसवायला लागणारी माहिती पण द्या. यंत्राची जात बघायची, ते ऑफिसात ठेवलंय का घरी ते नाही. टोरवाल्ड्सना हे पटलं नाही, कर्नल अजून दुसऱ्या आवृत्तीवरच आहे. पण कोहा तिसरीवर. आता या प्रकरणात मशीन त्यानं विकलं का वाचनालयाचं आधीचं होतं?

खानापूरची_ग्रंथपाल :

मशीन आमचंच, एका देणगीदारानं दिलेलं. त्यानं फक्त सॉफ्टवेअर घातलं.

कोर्टकचेरी_बेळगाव :

मग ते कलम बाजूला ठेवू. तुमच्या मालकीच्या मशीनचा पासवर्ड मागायला जीपीएलची गरजच नाही, तो असाही तुमचा. आणि आतला डेटा, पुस्तकांच्या नोंदी, सभासदांची नावं, हा लायसन्सचा विषयच नव्हे, तो वाचनालयाचा. मार्क फॉरमॅटमध्ये (वाचनालयाच्या नोंदींचा ठरलेला साचा) पुस्तकांचं आणि सीएसव्हीमध्ये (साध्या तक्त्याची फाइल) सभासदांचं एक्सपोर्ट आधी काढून ठेवा, बाकी सगळं नंतर.

निपाणी_डीटीपी :

मी लग्नपत्रिका, अहवाल, साहित्य संमेलनाच्या स्मरणिका करणारा माणूस, कोडचं काही कळत नाही, पण फॉन्टमध्ये हे आम्ही भोगलंय. जुने फॉन्ट युनिकोड नव्हते, प्रत्येक कंपनीची अक्षरांची मांडणी वेगळी, एका दुकानातली फाइल दुसऱ्या दुकानात उघडली की नुसता कचरा. कितीतरी गावांच्या संमेलनांच्या स्मरणिका आज माझ्या हार्डडिस्कवर आहेत आणि मला त्या वाचता येत नाहीत, कारण तो फॉन्ट ज्या डाँगलवर, म्हणजे कॉम्प्युटरला खोचायच्या किल्लीवर, चालायचा तो डाँगलच राहिला नाही. मजकूर आपल्या लोकांनी लिहिला, भाषा आपली, आणि किल्ली तिसऱ्याच्या खिशात.

आता मुक्ता, बालू असले फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सवर मिळतात, त्यात अट एवढीच की नुसता फॉन्ट वेगळा विकायचा नाही, बदलला तर त्याच लायसन्सवर द्यायचा, आणि मूळ नाव राखीव असेल तर ते नाव लावायचं नाही. त्या अटींनी माझं काय अडलं नाही. उलट मी केलेली फाइल दहा वर्षांनी कुणीपण उघडेल याची खात्री वाटते. म्हणून ग्रंथमित्रांचं म्हणणं मला पटतंय, अट ही देणाऱ्याच्या सोयीसाठी नाही, मागनं येणाऱ्यासाठी आहे.

हिंदवाडीकर :

निपाणीकरांचा मुद्दा माझ्या डोक्यात बसला. माझे छोटे प्रोजेक्ट मी एमआयटीवरच ठेवीन, पण गावाच्या नोंदी ज्याच्यावर उभ्या राहणार त्या सॉफ्टवेअरला जीपीएलसारखंच हवं हे मान्य. आता व्यवहाराचं बोला. एकदम कोर्टात जाणार का?

ग्रंथमित्र_वडगाव :

नाही सर, मला त्याचा धंदा बुडवायचा नाही. तो गेला तर त्या गावांना सर्व्हिस द्यायला कोण जाणार? मी नोकरी करून करतो, मला रोज खानापूर, चिकोडी शक्य नाही. मला तो नियमात आलेला हवाय. २००३ मध्ये लिंकसिसच्या राउटरमध्ये लिनक्स निघालं होतं आणि सोर्स दिला नव्हता, लोकांनी पाठपुरावा केला, शेवटी कंपनीनं सोर्स दिला आणि त्यातनं ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरसाठीचं मोकळं सॉफ्टवेअर उभं राहिलं. तो राउटर पुढं कितीतरी वर्षं त्याच कारणासाठी लोक मुद्दाम विकत घेत होते. असंच इथंही व्हावं.

लायसन्समध्ये त्याला सोय पण आहे. आठव्या कलमाप्रमाणे अट मोडली की त्याचा हक्क जातो, पण हक्कदाराकडनं पहिल्यांदाच नोटीस आली असेल आणि मिळाल्यापासून ३० दिवसांत सगळं दुरुस्त केलं तर हक्क कायमचा परत मिळतो. म्हणून मी साधं पत्र लिहितोय. करारातली प्रत न काढण्याची ओळ आणि दर संगणकाची लायसन्स फी काढावी, तेवढीच रक्कम सर्व्हिस म्हणून लावली तरी चालेल. अबाउट पान आणि नावं परत घालावीत. ज्यांना ज्यांना दिलंय त्या वाचनालयांना सोर्स कुठं मिळेल ते लेखी द्यावं. पत्र मराठीत, सोबत कानडी आणि इंग्रजी प्रत. वकीलसाहेब, एकदा नजर घालाल का?

कोर्टकचेरी_बेळगाव :

पाठवा. स्पीड पोस्टानं पोचपावतीसह पाठवा, ३० दिवस मोजायला तारीख लागेल. तुमच्या कोडचे जुने बदल तारखेसकट गिटमध्ये (कोडच्या बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर) असतील ते जपून ठेवा. आणि भाषा सौम्य असली तरी "मेहेरबानी करून" लिहू नका, मागतोय ते हक्काचं आहे.

उद्यमबाग_सीएनसी :

हे बेस्ट झालं. ग्रंथमित्र दादा, त्या माणसाला भेटायला जायचं असेल तर मी पण येतो, आपली बोली आपल्या माणसाला लवकर कळत्या. धंदा सर्व्हिसचा कर म्हणून सांगतो त्याला, आमच्यात पण मशीन विकून कुणी जगत नाही, मेंटेनन्सवर जगत्यात.

खानापूरची_ग्रंथपाल :

सगळ्यांचे आभार, समितीला हे सगळं वाचून दाखवते. एकच विचारायचं राहिलं. त्याचा हक्क गेला म्हटल्यावर आमचापण जातो का? आणि शेजारच्या गावाला आत्ता दिलं तर चालेल का, का ३० दिवस थांबायचं?

पर्लवाला :

मॅडम, तुमचा जात नाही. त्याच आठव्या कलमात आहे, मधल्या माणसाचा हक्क संपला तरी ज्यांना त्याच्याकडनं प्रती मिळाल्या त्यांचा चालू राहतो, ते स्वतः नियम पाळत असतील तोवर. कारण तुमचं लायसन्स त्यानं दिलेलं नाही, प्रत हातात आली की मूळ लिहिणाऱ्यांकडनं ते आपोआप तुम्हाला मिळतं. शेजारच्या गावाला देताना आता तुम्ही देणाऱ्या, म्हणजे तुमच्यावरपण तेच देणं : सोर्स द्या, लायसन्सची प्रत द्या, नावं ठेवा. सभासदांची माहिती मात्र त्यात जाऊ देऊ नका.

ग्रंथमित्र_वडगाव :

त्यानं घातलेल्या सॉफ्टवेअरची प्रत काढत बसू नका मॅडम, उगीच वाद नको. माझ्याकडची स्वच्छ प्रत घ्या, त्यात कानडी नावं लावायची सोयपण मी घालतो, कानडीचा अनुक्रम तपासायला तुमच्या शाळेतल्या कुणी कानडीच्या बाई मिळाल्या तर बरं होईल. शेजारच्या वाचनालयात मशीन कुठलं आहे, रॅम किती आहे तेवढं कळवा, डेबियन (लिनक्सची ऑपरेटिंग सिस्टिम) आणि कोहा दोन्ही पेनड्राइव्हवर घेऊन येतो म्हणजे नेट नसलं तरी अडणार नाही.

खानापूरची_ग्रंथपाल :

चार जीबी रॅम आहे असं म्हणतात, मशीन जुनं आहे. रविवारी वाचनालय सकाळी उघडं असतं. कानडीच्या बाईंना सांगून ठेवते.